शालजोडीतले गुरुजी

ऑगस्ट उजाडला की यंदा कुठल्या शाळेतले कोणते गुरुजी ‘आदर्श’ व्हायच्या बेतात आहेत, हे शिक्षण खात्याच्या आधी तालुक्याच्या गावातल्या झेरॉक्सवाल्याला कळते. गुरुजी दुकानाशी गाडी लावतात, हँडलला अडकवलेल्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला गठ्ठा काढतात, आजूबाजूला कुणी ओळखीचे नाही ना ते पाहतात आणि आवाज खाली आणून विचारतात, ‘‘रंगीत पान कितीला?’’ परिपत्रकाची प्रत काढायला आलेला माणूस रंगीत पानाची चौकशी करत नाही. झेरॉक्सवाला काय ते समजतो. ‘‘स्पायरल करायचं का हार्डबाउंड?’’ असे विचारून तो वर हळूच भर घालतो, ‘‘काल शेजारच्या केंद्रातले सर येऊन गेले. त्यांनी हार्डबाउंड केलं. वर सोनेरी अक्षरं.’’

गुरुजी हार्डबाउंड करतात.

या गठ्ठ्याला ‘प्रस्ताव’ म्हणतात. प्रस्तावात काय नसते! वृक्षारोपणाचा फोटो असतो. त्यात रोप एक आणि त्याला हात लावणारे अकरा, त्यामुळे रोप सोडून सगळे दिसतात. बाल-आनंद मेळावा असतो, परसबाग असते, लोकवर्गणीतून रंगवलेली भिंत असते आणि ती रंगवण्याआधीची भिंतही असते. बातम्यांची कात्रणे असतात. बातमी तीन ओळींची, पण गुरुजींच्या नावाखालची पिवळी रेघ दुरून दिसेल अशी. सरपंचांचे शिफारसपत्र असते. ते गुरुजींनीच लिहिलेले असते हे ओळखायला हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नाही, कारण त्यातले सगळे ऱ्हस्व-दीर्घ बरोबर असतात. ‘सदर शिक्षक हे अत्यंत कष्टाळू, उपक्रमशील व विद्यार्थिप्रिय असून’ हे वाक्य गुरुजींनी रात्री साडेअकरा वाजता, घरातले सगळे झोपल्यावर लिहिलेले असते. पंचवीस वर्षे जो माणूस मुलांना ‘निबंधात स्वतःची फुशारकी मारू नये’ असे बजावत आला, त्याच्यावर ‘सदर शिक्षक’ नावाच्या कुणा परक्या माणसाचा गौरवग्रंथ लिहायची पाळी येते. दोन पानांनंतर त्यालाही या सदर शिक्षकाबद्दल आदर वाटू लागतो.

यात गुरुजींचा दोष नाही. पद्धतच अशी आहे. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ साली सुरू झाले. पाच सप्टेंबरचा शिक्षक दिन त्यानंतरचा. १९६२ साली डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन राष्ट्रपती झाले, तेव्हापासूनचा. पुढची कित्येक वर्षे रीत अशी होती की वरच्याने खालच्याचे नाव सुचवायचे. त्यात साहेबांच्या मर्जीला फार भाव यायचा. साहेबांच्या मुलीच्या लग्नात वाढपी म्हणून राबलेला हात मुलांना घडवणारा ठरे, अशी कुजबुज शिक्षकांच्या खोलीत चाले. म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने चक्र उलटे फिरवले. शिक्षकाने पोर्टलवर जाऊन स्वतःच स्वतःचे नाव द्यायचे, सोबत पुरावे जोडायचे, आणि मग शंभर गुणांच्या तक्त्यावर त्याला जोखायचे. पूर्वी तीनशेच्या घरात जाणारी पुरस्कारांची संख्याही त्याच वर्षी पन्नासच्या आत आली. प्रमाणपत्र, रौप्यपदक आणि पन्नास हजार रुपये. हेतू चांगला होता आणि मर्जीचा कारभार त्याने कमी झाला, हेही खरे. पण वशिला जाऊन त्या जागी पुरावा आला, आणि शिकवण्याचा पुरावा ही मोठी अवघड वस्तू आहे. चौथीतल्या पोराला भागाकार एकदम उमगतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत जे काही होते, त्याचा फोटो काढायला गुरुजींनी मोबाइल उचलला तर ते तिथेच संपते. वृक्षारोपणाचे तसे नसते. रोप थांबते.

सहज म्हणून एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्रात नुसते ‘गुरुजी’ म्हटले की ज्यांचे नाव पुढे येते, त्या साने गुरुजींचा प्रस्ताव पाठवला तर? अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे शिक्षक होते. राष्ट्रीय पुरस्काराला आता किमान दहा वर्षांची नियमित सेवा लागते. म्हणजे पहिल्याच रकान्यात तांबडी फुली. पुढे चारित्र्य पडताळणी. उमेदवार मध्येच नोकरी सोडून सत्याग्रहात गेला आणि तुरुंगात राहून आला, असा शेरा पोलीस ठाण्यातून आला असता. उपक्रम म्हणाल तर वसतिगृहातल्या मुलांसाठी रोज रात्री जागून हाताने लिहिलेले ‘छात्रालय दैनिक’. त्याचे फोटो? नाहीत. मान्यवरांच्या हस्ते उद्घाटन? नाही. मग केंद्रप्रमुखांनी खांद्यावर हात ठेवून सांगितले असते, ‘‘काम चांगलंय हो तुमचं, पण डॉक्युमेंटेशन कमी पडतंय.’’

दिल्लीच्या खाली राज्याचा पुरस्कार, त्याखाली जिल्हा परिषदेचा आणि त्याखाली असंख्य. राज्य पुरस्कारासोबत पूर्वी दोन आगाऊ वेतनवाढी मिळत. पुढे त्या जाऊन ठोक रक्कम आली. शिक्षकांच्या खोलीत या बदलाचे गणित फळ्यावर मांडून झालेले आहे. वेतनवाढ पेन्शनपर्यंत पाझरत जाते. ठोक रक्कम पेढे, हार, केंद्रातल्या सगळ्या शाळांचे जेवण आणि मेव्हण्याने हक्काने मागितलेली पार्टी यांतच आटते, आणि कधी कधी खिशातले वर घालावे लागतात. या सगळ्याच्या खाली कुठल्या कुठल्या संस्था घाऊक भावाने देतात ते पुरस्कार. ‘आपली राष्ट्रीय आदर्श शिक्षकरत्न म्हणून निवड झाली आहे’ असा संदेश मोबाइलवर येतो. अभिनंदनाखाली एक ओळ असते : नोंदणी शुल्क अमुक, भोजन वेगळे. तिथे मंचावर बसलेल्यांपेक्षा पुरस्कारार्थी जास्त असतात आणि टाळ्या वाजवायला कुणाचाच हात मोकळा नसतो, कारण सगळ्यांच्या हातांत सन्मानचिन्हे.

आणि सगळीकडे समान काय, तर शाल.

सत्काराची शाल हा वस्त्रोद्योगातला स्वतंत्र प्रकार आहे. तिने थंडी जात नाही. ती अंगावर टिकत नाही. पाहुण्यांनी खांद्यावर ठेवल्यापासून फोटो निघेपर्यंत धरायची आणि मग सरकू द्यायची. घडी घातली तर पुढच्या सत्काराला चालते, आणि चालवलीही जाते. एखादी शाल गावात तीन-तीन वर्षे फिरते आणि शेवटी पहिल्या मालकाच्याच खांद्यावर येऊन पडते. नारळाचे तसे नाही. त्याची दुसऱ्या दिवशी चटणी होते. पण शालींचे काय करावे हे तीस वर्षे सेवा झालेल्या गुरुजींच्या घरात कुणालाच सुचत नाही. कपाटाचा वरचा कप्पा भरला की त्या दिवाणात जातात. ‘शालेय शिक्षण’ या शब्दाचा खरा अर्थ गुरुजींच्या सौभाग्यवतींना दिवाळीच्या साफसफाईत कळतो.

मराठीला मात्र या शालीचा स्वभाव फार आधी कळलेला आहे. वरून मऊ, आतून लागेल असे बोलणे, त्याला आपण ‘शालजोडीतले’ म्हणतो. गौरव आणि जोडा एकाच घडीत. शिक्षकाच्या बाबतीत ही नुसती म्हण नाही, इतिहास आहे. पुण्यात भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. शाळेत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला जाई, म्हणून त्या सोबत एक जादा लुगडे नेत आणि शाळेत पोचल्यावर बदलत. त्याच पुण्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारने फुल्यांचा जाहीर सत्कार केला, मेजर कँडींच्या हस्ते, शालजोडी देऊन. विश्रामबाग वाडा ते भिडे वाडा हे अंतर फार तर पाच मिनिटांचे. एका टोकाला शाल आणि दुसऱ्या टोकाला शेण. महाराष्ट्रात शिक्षकाच्या व्यवसायाची वाट तेव्हापासून या दोन वाड्यांच्या मधून जाते. आज राज्य पुरस्काराचे नावच ‘क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले राज्य शिक्षक गुणगौरव पुरस्कार’ आहे. त्या जादा लुगड्याचा फोटो मात्र कुठल्या प्रस्तावाला जोडलेला नव्हता.

जोतीरावांचे आणखी एक देणे गुरुजी रोज फेडत आहेत, पण त्यांना ते ठाऊक नसते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी खेड्यातल्या मास्तराची बाजू घेतली. पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावांत पंधरा-वीस असावा, हे सांगितलेच. शिवाय असेही सुचवले की मास्तराकडे गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल, स्टँपविक्री अशी कामे दिली तर गावात त्याची पत वाढेल. सरकार नावाच्या संस्थेने ही सूचना मनावर घेतली, म्हणजे अर्धी घेतली. कामे दिली. मतदार यादी, जनगणना, निवडणूक, अमुक सर्वेक्षण, तमुक अभियान. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे २७वे कलम सांगते की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसरे काम देऊ नये. कलम छान आहे. शिक्षकांच्या संघटनेच्या दिनदर्शिकेवर ते ठळक छापलेले असते, आणि त्या दिनदर्शिकेच्या चौकटींत कुठल्या तारखेला कुठली ऑनलाइन माहिती भरायची ते पेन्सिलीने लिहिलेले असते.

यातले सर्वांत जोखमीचे काम म्हणजे खिचडी चाखणे. नियम असा की पोषण आहार मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चाखायचा आणि तशी नोंद ठेवायची. नियमामागे गंभीर कारण आहे. पोरांच्या जिवाशी खेळ नको. म्हणून गुरुजी सकाळी गणिताचा तास अर्धवट टाकून स्वयंपाकखोलीच्या दारात उभे राहतात. ताई डाव पुढे करतात. गुरुजी फुंकर घालून घास घेतात. ताई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत असतात, चौथीचा वर्ग खिडकीतून बघत असतो. चव नोंदवहीत वर्षभर ‘चांगली’, ‘चांगली’, ‘चांगली’ असते. सही आणि वेळ. एकदा एका नव्या, प्रामाणिक गुरुजींनी ‘मीठ कमी’ असे लिहिले. आठ दिवसांनी वही तपासायला आलेल्या साहेबांनी विचारले, मीठ कमी होते तर आपण काय कार्यवाही केलीत? गुरुजी म्हणाले, मीठ घातले. साहेब म्हणाले, त्याची नोंद कुठे आहे? तेव्हापासून त्या शाळेतली खिचडी चांगली होते.

साहेब आला की शेरेबुक आले. शाळेच्या लाकडी कपाटात, तुटक्या पृथ्वीगोलाच्या मागे ही वही असते, आणि अधिकारी दारात दिसला की ती अचूक हाताला लागते. शेरेबुकाचे साहित्य एकसुरी असते : ‘शाळेस भेट दिली. पट व उपस्थिती पाहिली. परिसर स्वच्छ. वाचन बरे. सुधारणेस वाव आहे.’ या शेवटच्या वाक्याचा शोध कुणी लावला कोण जाणे, पण तो माणूस अमर झाला. सुधारणेस वाव नसलेली शाळा अजून कुठल्याही साहेबाने पाहिलेली नाही. पण शेरा लिहिणारा हात थांबला की बदलीचा हात चालू होतो, आणि हीही रीत जुनी आहे. ‘निबंधमाला’ काढणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर पुण्यात सरकारी शाळेत शिक्षक होते. लेखणी फार चालली, तेव्हा त्यांची बदली रत्नागिरीस झाली. पुढे त्यांनी नोकरीच सोडली आणि जानेवारी १८८०मध्ये टिळकांसह न्यू इंग्लिश स्कूल काढले. सगळ्याच बदल्यांतून अशा शाळा निघत नाहीत. बहुतेकींतून नुसता घरसामानाचा टेम्पो निघतो.

महाविद्यालयात शिकवणाऱ्यांना वाटते की आपण या जात्यातून सुटलो. तिथे शेरेबुकाच्या जागी नॅक आहे, १९९४पासून. पथक येणार म्हटले की पंधरा दिवसांत जिन्यांना कठडे येतात, ग्रंथालयात माणसे दिसतात आणि प्राध्यापक एकमेकांना ‘सर’ म्हणू लागतात. शिवाय विद्यार्थ्यांकडून भरून घेतलेला अभिप्राय-अर्ज असतो : विषयाचे ज्ञान कितपत, मांडणी कशी, पाचपैकी किती? या अर्जावर श्रद्धा असणाऱ्यांनी अमेरिकेतल्या ‘डॉक्टर फॉक्स’ची गोष्ट डोळ्यांखालून घालावी. काही संशोधकांनी मायकेल फॉक्स नावाच्या एका नटाला मोठा विद्वान म्हणून डॉक्टर मंडळींपुढे उभे केले. विषय अगम्य, व्याख्यान जाणूनबुजून पोकळ, परस्परविरोधी विधानांनी भरलेले. पण आवाज खणखणीत, विनोद वेळेवर, चेहरा प्रसन्न. श्रोत्यांनी भरभरून गुण दिले. कुणालाही शंका आली नाही. हा प्रयोग १९७३ साली रीतसर छापून आला. मराठी मुलखात तो करून पाहण्याची गरज पडली नाही. इथे व्याख्यानमाला होत्याच.

पण साहेब, नॅक, पोर्टल हे सगळे अधूनमधूनचे. गुरुजींची खरी तपासणी गाव करते, तीही रोज, विनामूल्य आणि नमुना-अर्जाशिवाय. गुरुजींची गाडी किती वाजता येते हे पारावर बसलेल्या तिघांना घड्याळ न बघता सांगता येते. त्यांचा पगार गावाला त्यांच्याहून अचूक ठाऊक असतो, फक्त त्यातून काय काय कापले जाते ते ठाऊक नसते. ‘‘लाखभर घेत असतील,’’ एक म्हणतो. ‘‘आन् मे महिना फुकट,’’ दुसरा म्हणतो. तिसरा गुरुजींचाच विद्यार्थी असतो. तो काही बोलत नाही, पाढ्यांची आठवण काढून गप्प बसतो. गुरुजी मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावात राहतात का, हा तर विधानसभेपर्यंत गेलेला प्रश्न. घरभाडे भत्ता हवा तर गावात राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव आणा, असा नियम आहे. आता ज्या गावात भाड्याने मिळण्यासारखी एकच खोली आहे आणि तिच्यात सोयाबीनची पोती आहेत, तिथल्या ग्रामसभेने काय ठराव करावा? ती करते. गुरुजी गावाचे असतात, गाव गुरुजींचे असते, आणि पोती खोलीत राहतात.

ऑगस्ट २०२२ मध्ये हा विषय तापला आणि त्याच सुमारास ‘आपले गुरुजी’ हा उपक्रम आला. प्रत्येक वर्गात त्या वर्गाच्या शिक्षकाचा ए-फोर आकाराचा रंगीत फोटो लावायचा. काही ठिकाणी खरे शिक्षक घरी आणि भाडोत्री माणूस वर्गात, असे प्रकार उघडकीला आले होते. त्यावर हा उतारा. पण उरलेल्या गुरुजींची पंचाईत झाली. वर्गाच्या भिंतीवर आधीच गांधी, आंबेडकर, फुले. त्या रांगेत स्वतःला लावायचे म्हणजे खिळा ठोकतानाच हात थरथरतो. शिवाय आपल्याकडे भिंतीवर मोठ्या आकारात लागलेल्या माणसाबद्दल पाहुण्यांचा एक ठरावीक समज होतो. फक्त हार घालायचा राहतो. पहिलीतल्या पोरांना काहीच कळेना. समोर गुरुजी, वर गुरुजी. प्रश्न कुणाला विचारायचा? संघटनांनी विरोध केला तो फोटोला नव्हता, त्यामागच्या संशयाला होता, आणि तो वाजवी होता.

त्याआधी नोव्हेंबर २०१६ मध्ये सेल्फी आली होती. गळती थांबवण्यासाठी सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटासह गुरुजींनी सेल्फी काढायची आणि ‘सरल’ प्रणालीवर चढवायची. ज्या शाळेला दूरध्वनीची रेंज टेकडीवर मिळते, तिथे सोमवारचा पहिला तास गिर्यारोहणाचा झाला असता. विरोध झाला आणि ते बारगळले. मग मार्च २०२४ चा शासन निर्णय. त्यात पोशाख ठरला : जीन्स नको, टी-शर्ट नको, भडक नक्षी नको, पुरुषांनी शर्ट खोचलेला असावा. कोकणातल्या पऱ्ह्यातून गुडघाभर पाण्यात शाळा गाठणाऱ्या माणसाने शर्ट खोचावा की विजार वर करावी, याचा खुलासा सोबत नव्हता. त्याच निर्णयात एक मानही मिळाला. डॉक्टरांना जसे ‘डॉ.’, वकिलांना जसे ‘ॲड.’, तसे शिक्षकांनी नावाआधी ‘टि’ लावावे. हा कागद गटावर आला तेव्हा अनेक गुरुजींनी सन्मान बाजूला ठेवून आधी वेलांटी पाहिली. शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी मराठीत दीर्घ, एवढे सातवीत शिकवतो आपण. शिवाय ‘टीचर’मधलीही दीर्घच. काहींचा हात लाल पेनाकडे गेला. पेन खिशाला लावण्यापूर्वी त्यांनी शर्ट खोचला आहे ना, ते पाहिले.

कौतुक आणि झडती एकाच माणसाच्या वाट्याला किती झपाट्याने येऊ शकते, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाले. रक्कम दहा लाख डॉलर, म्हणजे सात कोटींच्या आसपास. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड चिकटवून पोरांना कविता, चित्रफिती दाखवण्याची त्यांची कल्पना पुढे सगळ्या राज्याच्या पुस्तकांत गेली. लंडनहून स्टीफन फ्राय यांनी नाव पुकारले, इकडे आई-वडिलांसह साऱ्या घराने जल्लोष केला, आणि डिसल्यांनी लगेच निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकत असल्याचे सांगितले. महाराष्ट्र गहिवरला. ‘‘निम्मी वाटली म्हणजे उरलेली किती, आणि त्यावर कर किती?’’ हा हिशेबही त्याच संध्याकाळी सुरू झाला. नंतरचे काही महिने नेत्यांच्या सत्कारांत गेले. त्या वर्षी सोलापुरात किती शाली खपल्या असतील, सांगवत नाही. मग जानेवारी २०२२ उजाडला. डिसल्यांना अमेरिकेची फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली होती आणि त्यासाठी हवी होती रजा. जागतिक पारितोषिक एकीकडे आणि रजेचा अर्ज एकीकडे. तेवढ्यात त्यांच्या हजेरीची चर्चा निघाली, वाहिन्यांवर झळकली, बाजू आल्या, प्रतिबाजू आल्या, आणि अखेर शिक्षणमंत्र्यांना त्या अर्जात लक्ष घालावे लागले. कोण बरोबर, कोण चूक, हा वाद ज्याचा त्याने घालावा. पण त्या आठवड्यात राज्यातल्या प्रत्येक जिल्हा परिषद शिक्षकाला एक गोष्ट पक्की समजली : रजेच्या नमुन्यात ‘मिळालेले जागतिक पुरस्कार’ असा रकाना नाही.

आता नवा अध्याय. १ सप्टेंबर २०२५ रोजी, शिक्षक दिनाला चार दिवस उरले असताना, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, सेवेत असलेल्या शिक्षकांनीही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायला हवी. ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा उरली आहे त्यांना दोन वर्षांची मुदत. ज्यांची त्याहून कमी उरली आहे त्यांची नोकरी राहील, पण बढती हवी तर परीक्षा द्यावीच लागेल. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, साठ टक्क्यांना पास, राखीव गटांना थोडी सवलत. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, एवढाच काय तो मायेचा ओलावा.

निकालातल्या तर्काबद्दल तज्ज्ञ बोलतील. घरातले दृश्य मात्र पाहण्यासारखे झाले आहे. शोकेसमध्ये सात सन्मानचिन्हे, भिंतीवर जिल्हा परिषदेचा ‘आदर्श’, आणि त्याखाली पन्नाशीला टेकलेले गुरुजी बालमानसशास्त्र पाठ करत बसलेले. नववीतली मुलगी प्रश्न विचारते, ‘‘बाबा, पियाजेच्या मते मूर्त क्रियात्मक अवस्था कोणत्या वयात?’’ गुरुजी उत्तर देतात, आणि त्याला ‘‘पण आपल्या शाळेत तसं काही नसतं’’ अशी पुस्ती जोडतात. मुलगी म्हणते, ‘‘पर्याय चारच आहेत. आपली शाळा पर्यायात नाही.’’

अर्ज भरायला गुरुजी पुन्हा त्याच झेरॉक्सच्या दुकानात आले. या वेळी आजूबाजूला पाहिले नाही. पाहून उपयोग नव्हता, रांगेत सगळे ओळखीचेच होते. हार्डबाउंडवाले शेजारच्या केंद्रातले सरही होते, दोन नंबर पुढे. सगळे एकमेकांना ‘‘मुलीचा फॉर्म भरायला आलोय’’ असे सांगत होते.

झेरॉक्सवाल्याने नाव, जन्मतारीख, डी.एड.चे वर्ष टाकले आणि फोटो मागितला. गुरुजींनी मोबाइल उघडला. पहिल्या फोटोत फेटा. दुसऱ्यात फेटा आणि हार. तिसऱ्यात सन्मानचिन्ह हनुवटीपर्यंत. चौथ्यात खांद्यावर पालकमंत्र्यांचा हात, पाचव्यात वृक्षारोपण.

‘‘गुरुजी, हे चालायचं नाही,’’ तो म्हणाला. ‘‘डोक्यावर काही नको. मागं पांढरं पाहिजे. एकटे पाहिजेत.’’

असा एकही फोटो निघाला नाही. दुकानाच्या भिंतीचा रंग उडालेला, त्यावर सिमेंटच्या जाहिरातीचा लाल पट्टा. तेव्हा गुरुजींना आठवले. गाडीच्या हँडलला पिशवी होती, आणि पिशवीत सकाळच्याच निरोप समारंभात पाहुणे म्हणून मिळालेली शाल. फिकट, जवळजवळ पांढरी. झेरॉक्सवाल्याने कामाच्या पोराला स्टुलावर चढवले, त्याच्या दोन्ही हातांत शालीची टोके दिली आणि गुरुजींना तिच्यापुढे उभे केले. हा झेरॉक्सवाला गुरुजींच्या १९९८च्या तुकडीतला. भागाकारात कायम अडायचा.

‘‘मान सरळ,’’ तो म्हणाला. ‘‘इकडं बघा. हसायचं नाही. अन् हलू नका, गुरुजी, नाहीतर परत काढावा लागंल.’’

गुरुजी हलले नाहीत. मागे स्टुलावरच्या पोराचा हात अवघडला होता आणि शाल एका बाजूने हळूहळू खाली यायला लागली होती.